वॉर्सा : एका शहराची संपादित संहिता

वॉर्साच्या जुन्या शहरात शिरताना प्रथम नजरेत भरतो तो राजवाड्यासमोरच्या चौकातील उंच स्तंभ. त्याच्या माथ्यावर एका हाती क्रूस आणि दुसऱ्या हाती तलवार घेऊन राजा तिसरा झिग्मुंट वासा उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच राजाने आपले बिऱ्हाड क्राकुफहून वॉर्साला हलवण्यास आरंभ केला आणि व्हिस्तुला नदीकाठच्या या गावाला राजधानीचे भाग्य लाभले. त्याच्या मुलाने १६४४ साली वडिलांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला. आज दिसणारी राजाची मूर्ती डागडुजी केलेली असली तरी तीच आहे. तिच्या खालचा खांब मात्र तिसरा. पहिला खांब झिजला म्हणून १८८० च्या दशकात बदलण्यात आला, दुसरा १ सप्टेंबर १९४४ रोजी जर्मन माऱ्यात कोसळला आणि तिसरा १९४९ मध्ये उभा राहिला. निवृत्त झालेले पहिले दोन खांब कोणी टाकून दिले नाहीत. ते राजवाड्याच्या दक्षिण बाजूला जमिनीवर आडवे ठेवलेले आहेत. चौकात येणारे बहुतेक प्रवासी उभ्या खांबाचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. जुन्या वॉर्साचे दर्शन त्या आडव्या खांबांपासून सुरू करावे, असे आमचे मत आहे.

कारण असे, की या चौकातून पुढे जे जे दिसते, तो विटकरी रंगाचा राजवाडा, उतरत्या छपरांची अरुंद घरे, कॅथीड्रलचा टोकदार दर्शनी भाग, बाजारचौक, तटबंदी, ते जवळजवळ सारे दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेले आहे. येथील बहुतेक भिंती आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या वयाच्या आहेत, राजवाड्याच्या भिंती तर आमच्याच वयाच्या. तरीही १९८० साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. म्हणजे येथे 'जुने' या शब्दाचाच अर्थ काय, हा प्रश्न पहिल्या पावलाला अडवतो.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. पहिले मार्गदर्शक पुस्तिकांचे : शहर होते तसे, हुबेहूब, विटेवर वीट ठेवून पुन्हा उभारले. दुसरे चोखंदळ प्रवाशांचे : हे सारे नकली आहे, चित्रपटाचा देखावा आहे, खरे युरोपीय शहर पाहायचे तर प्रागला जावे. ही दोन्ही उत्तरे आम्हांला आळशी वाटतात. कारण दोघांपैकी कोणीही समोरची वस्तू वाचत नाही. साहित्याच्या अध्यापकाला तरी यापेक्षा जवळची संकल्पना उपलब्ध आहे. मूळ हस्तलिखित नष्ट झाले आहे, हाती काही प्रती, काही टिपणे, काही उतारे आहेत आणि त्यांवरून संपादक एक पाठ सिद्ध करतो. अशी संहिता खोटी नसते आणि मूळही नसते. तिला विचारायचे प्रश्न वेगळे असतात. संपादकापुढे कोणत्या प्रती होत्या? कोणता पाठ त्याने प्रमाण धरला? क्षेपक म्हणून काय गाळले? आणि गाळलेल्याची नोंद तळटीपेत ठेवली की नाही? हेच प्रश्न हाती घेऊन आम्ही जुन्या वॉर्सात हिंडलो.

आधी मूळ प्रत कशी नष्ट झाली ते पाहिले पाहिजे. सप्टेंबर १९३९ मधील जर्मन आक्रमणात शहरावर तोफांचा मारा झाला. १७ सप्टेंबरला राजवाडा पेटला. त्याच्या मनोऱ्यावरचे घड्याळ सकाळी सव्वाअकराला थांबले. पुढे राजवाडा लुटण्यात आला आणि सुरुंगाची दारू ठासण्यासाठी त्याच्या भिंतींना हजारो भोके पाडून ठेवण्यात आली. १ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिश भूमिगत सेनेने उठाव केला. तो ६३ दिवस चालला. जुने शहर महिनाभर लढले आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पडले. संपूर्ण शहरात दीड ते दोन लाख नागरिक मृत्युमुखी पडले. राजवाड्याच्या भिंतींतील ती भोके याच सप्टेंबरात कामी आली आणि तो जमीनदोस्त झाला. उठाव २ ऑक्टोबरला शरण गेला, उरलेल्या रहिवाशांना हाकलून देण्यात आले, आणि त्यानंतर रिकाम्या शहरात इमारती जाळण्याचे व सुरुंगाने उडवण्याचे काम पद्धतशीर चालले. युद्धात शहरे उद्ध्वस्त होणे नवे नव्हते. परंतु लढाई संपल्यावर, शत्रू समोर नसताना, ग्रंथालये, दफ्तरखाने आणि राजवाडे शोधून शोधून नष्ट करणे यात युद्धापेक्षा वेगळा हेतू दिसतो. एका समाजाची संहिताच पुसून टाकण्याचा तो उद्योग होता. १७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत व पोलिश फौजा शहरात आल्या तेव्हा ऐतिहासिक मध्यभागाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग उद्ध्वस्त झालेला होता. राजधानी वूच या शहरी हलवावी असा विचारही त्या वेळी झाला होता.

वॉर्साच्या पुनर्रचनेची गोष्ट बहुधा येथून, ढिगारे उपसणाऱ्या लोकांपासून सुरू केली जाते. आमच्या मते ती पुष्कळ आधी, कागदापासून सुरू होते. युद्धापूर्वी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात पोलिश वास्तुकलेचा एक विभाग होता. प्राध्यापक ओस्कार सोस्नोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थी जुन्या इमारतींची मोजमापे घेत : दरवाज्याची चौकट किती रुंद, कमानीची उंची किती, जिन्याला पायऱ्या किती. ज्याला आज आपण 'गृहपाठ' म्हणू असे ते रूक्ष काम होते. १९३९ च्या वेढ्यात हा संग्रह वाचवण्याच्या खटपटीत सोस्नोव्स्की जखमी झाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. जर्मन अंमलात विद्यापीठ बंद पडले, तरी यान झाख्वातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीचे काम गुप्तपणे चालू ठेवले. उठावानंतर रिकाम्या केलेल्या शहरातून सांस्कृतिक ठेवा बाहेर काढण्याची मर्यादित परवानगी मिळाली होती. कलेतिहासकार स्तानिस्वाव लोरेंत्झ यांच्या पुढाकाराने चाललेल्या त्या मोहिमेच्या आडोशाने ही रेखाचित्रे शहराबाहेर गेली आणि प्योत्रकुफ येथील बर्नार्डाइन मठात लपवली गेली. शहर जळत होते आणि त्याचा आराखडा एका मठात सुरक्षित पडून होता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये राजधानी पुनर्रचना कार्यालयाची स्थापना झाली आणि त्यातील ऐतिहासिक वास्तूंचा विभाग झाख्वातोविच यांच्याकडे आला. वास्तुसंवर्धनाचा त्या काळचा मान्य सिद्धांत सांगत होता, की भग्नावशेष जसे आहेत तसे जपावेत आणि नव्याने जुने बांधू नये. झाख्वातोविच हा सिद्धांत जाणून होते. येथे काळाने झीज केलेली नाही, हेतुपूर्वक हत्या झाली आहे आणि म्हणून नेहमीचा नियम येथे लागू करता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका त्यांनी लपवली नाही. आपण सिद्धांत मोडत आहोत हे सांगून त्यांनी तो मोडला. संपादकाच्या प्रामाणिकपणाचा हा पहिला पुरावा आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. जुने वॉर्सा 'कानालेत्तोच्या चित्रांवरून' बांधले, असे जवळजवळ प्रत्येक प्रवासवर्णनात वाचायला मिळते. हा कानालेत्तो म्हणजे व्हेनिसचा प्रख्यात चित्रकार नव्हे, त्याचा भाचा बेर्नार्दो बेलोत्तो. तो १७६८ पासून राजा स्तानिस्वाव आउगुस्त याच्या दरबारी होता आणि १७८० मध्ये वॉर्सातच वारला. त्याची शहरदृश्ये राजवाड्यातील एका स्वतंत्र दालनात लावलेली आहेत. बावीस चित्रे एकाच खोलीत पाहण्याचा अनुभव विलक्षण आहे : छपराच्या कौलापासून रस्त्यातील कुत्र्यापर्यंत कशावरूनही त्याची नजर घसरत नाही. या चित्रांनाही शहराचेच नशीब लाभले. एकोणिसाव्या शतकात ती रशियात नेली गेली, १९२१ च्या रिगा तहानंतर परत आली, पुढे जर्मनांनी पळवली आणि युद्धानंतर पुन्हा परत आली. राजवाड्याबाहेरचा राजरस्ता, म्योदोवा रस्ता, तेथील महाल यांच्या पुनर्रचनेत त्यांचा मोठा उपयोग झाला हे खरे. ब्रानित्स्की महालाच्या छतावरील शिल्पे त्यांच्याच आधारे पुन्हा घडवली गेली. परंतु बेलोत्तोने जुन्या शहराचा बाजारचौक रंगवलेलाच नाही. दाट वस्तीच्या गल्ल्यांत त्याला रस नव्हता; त्याला लागत होते रुंद रस्ते आणि लांबवर जाणारी दृश्यरेषा. शिवाय जिथे वास्तव डोळ्यांना खुपले तिथे तो कुंचल्याने ते सुधारीत असे. म्हणजे बाजारचौकाला बेलोत्तोचा आधार नाही आणि जिथे आहे तिथे तो निखळ साक्षीदार नाही. तरीही दंतकथा टिकून आहे, याचे कारण उघड आहे. विद्यार्थ्यांच्या मोजपट्टीपेक्षा दरबारी चित्रकाराचा कुंचला सांगायला अधिक गोड लागतो. श्रेय मात्र मोजपट्टीचे अधिक आहे.

बाजारचौकात उभे राहिले की चारही बाजूंनी रंगीत दर्शनी भिंतींची घरे अंगावर येतात. पिवळी, गुलाबी, हिरवट; काहींवर ओल्या गिलाव्यात कोरून काढलेली नक्षी, काहींवर भित्तिचित्रे. २२ जुलै १९५३ रोजी हा चौक लोकांसाठी खुला झाला. ही तारीख आपोआप आलेली नाही. २२ जुलै हा कम्युनिस्ट पोलंडचा राष्ट्रीय दिन होता. त्याच दिवशी १९४९ मध्ये जुन्या शहराच्या पोटातून जाणारा पूर्व-पश्चिम मार्गाचा बोगदा वाहतुकीला खुला झाला होता. चौकाच्या एका बाजूच्या घरांत वॉर्सा शहराचे संग्रहालय आहे. आमच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल ते आदाम मित्स्कयेविच यांच्या नावाचे साहित्य-संग्रहालयही याच चौकात आहे.

दर्शनी भिंती मन लावून पाहिल्या की संपादकाचा हात दिसू लागतो. युद्धापूर्वीचे जुने शहर हे गरिबांचे, खच्चून भरलेले मोहल्ले होते. एकोणिसाव्या शतकात घरमालकांनी मजल्यांवर मजले चढवले होते, मागील अंगणांत खोल्यांच्या रांगा बांधून प्रकाश कोंडला होता. पुनर्रचनेत हे वरचे मजले आले नाहीत, मागची बांधकामे आली नाहीत, अंगणे मोकळी झाली आणि घरांच्या आत नव्या सोयींची सदनिका-रचना झाली. भिंतींवरील बरीचशी चित्रकला १९५३ सालच्या कलावंतांनी स्वतः रचलेली आहे. ती जुन्या वळणाची असली तरी जुनी नाही. जुने म्हणावे असे जे उरले होते ते तळघरांत, तळमजल्याच्या भिंतींत, ढिगाऱ्यातून वेचून काढलेल्या दगडी चौकटींत. ते जागच्या जागी बसवण्यात आले. थोडक्यात, १९३९ साली होते ते शहर उभारले गेले नाही. उभारले गेले ते सतराव्या-अठराव्या शतकातले, पोलंड स्वतंत्र होता त्या काळातले, असायला हवे होते असे वाटणारे शहर. एकोणिसावे शतक म्हणजे पारतंत्र्याचे शतक. ते क्षेपक ठरले. यात राष्ट्रवादी कलेतिहासकार, आधुनिकतावादी वास्तुकार आणि कम्युनिस्ट सत्ताधारी या तिघांचे एकमत झाले, प्रत्येकाची कारणे निराळी असली तरी. पहिल्याला ते शतक परकीय वाटत होते, दुसऱ्याला कुरूप आणि तिसऱ्याला भांडवलशाही.

सर्वांत धीट पाठ पाहायचा असेल तर संत योहानाच्या कॅथीड्रलसमोर उभे राहावे. १९४४ पूर्वी त्याचा दर्शनी भाग आदाम इद्झ्कोव्स्की याने १८४० च्या सुमारास रचलेल्या, इंग्रजी धाटणीच्या नव-गॉथिक शैलीचा होता. त्याची छायाचित्रे भरपूर होती. तो हुबेहूब बांधणे सर्वांत सोपे होते. झाख्वातोविच यांनी तो टाकून दिला आणि मझोव्हिया प्रांतातील विटांच्या गॉथिक परंपरेला धरून, मध्ययुगात असा असावा अशा कल्पनेने नवा दर्शनी भाग रचला. त्या रूपात हे कॅथीड्रल पूर्वी कोणी चितारलेले नाही. पाठचिकित्सेच्या भाषेत हा कोणत्याही प्रतीत न मिळणारा, संपादकाने तर्काने सुचवलेला पाठ झाला. तो सुंदर आहे हे मान्य करावे लागते, आणि त्यामुळेच आमची पंचाईत होते. याच कॅथीड्रलच्या बाजूच्या भिंतीत लोखंडी पट्ट्याचा एक तुकडा बसवला आहे. तो 'गोलियथ' नावाच्या छोट्या स्फोटक रणगाड्याचा असल्याचे पाटी सांगते. अभ्यासकांच्या मते तो 'बोर्गवार्ड' या मोठ्या स्फोटकवाहू यंत्राचा आहे. १३ ऑगस्ट १९४४ रोजी जवळच्याच रस्त्यावर तसल्या एका यंत्राच्या स्फोटात तीनशेहून अधिक माणसे मेली होती. कल्पित भिंतीत खरा अवशेष, आणि खऱ्या अवशेषाखाली चुकीची पाटी!

राजवाड्याची कथा निराळी आहे. बाजारचौक पूर्ण झाला तरी राजवाड्याची जागा रिकामीच होती. राजांचे निवासस्थान पुन्हा बांधण्यात कम्युनिस्ट राजवटीला दीर्घकाळ उत्साह नव्हता. निर्णय झाला तो थेट जानेवारी १९७१ मध्ये, नवे नेतृत्व सत्तेवर आल्यावर. सरकारने नव्हे, लोकांच्या वर्गणीने हे काम झाले. परदेशांतील पोलिश लोकांनीही हात लावला. १९ जुलै १९७४ रोजी सकाळी बरोबर सव्वाअकराला मनोऱ्यावरचे घड्याळ पुन्हा सुरू करण्यात आले. पस्तीस वर्षांपूर्वी जिथे काटे थांबले होते तिथूनच ते पुढे सरकले. या प्रतीकात थोडे नाट्य आहे हे खरे, तथापि ते त्या लोकांना शोभते. १९८४ मध्ये राजवाडा प्रेक्षकांसाठी खुला झाला. राजवाड्याच्या ज्या थोड्या भिंती स्फोटातून उभ्या राहिल्या त्यांत एक खिडकी होती. कादंबरीकार स्तेफान झेरोम्स्की यांना अखेरच्या काळात राजवाड्यात बिऱ्हाड मिळाले होते आणि १९२५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ती खिडकी त्यांच्या नावाने ओळखली जाते. राजांची दालने गेली आणि लेखकाची खिडकी राहिली. यावरून साहित्याची थोरवी सिद्ध करण्याचा मोह आम्ही आवरतो. स्फोटकांना वाङ्मयीन अभिरुची नसते.

बाजारचौकाच्या उत्तरेस तटबंदी ओलांडली की 'बार्बाकान' हा अर्धवर्तुळाकार बुरूज लागतो. सोळाव्या शतकातील हा बुरूज पुढे घरांच्या गर्दीत बुडून गेला होता; युद्धापूर्वी त्याचे अवशेषच काय ते शिल्लक होते. म्हणजे जर्मनांनी जे पाडले नव्हते, ते काळाने आधीच पाडले होते. तरीही १९५२ ते १९५४ या काळात तो उभारण्यात आला. त्याच्या विटा मात्र वॉर्साच्या नाहीत. त्या व्रोत्स्वाफ आणि निसा या शहरांतील पाडलेल्या जुन्या इमारतींमधून आणल्या होत्या. १९४५ पूर्वी ही दोन्ही शहरे जर्मनीत होती. व्रोत्स्वाफचे नाव तेव्हा ब्रेस्लाउ होते. युद्धानंतर पोलंडचा नकाशाच पश्चिमेकडे सरकवण्यात आला, पूर्वेचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला आणि पश्चिमेचा जर्मन प्रदेश पोलंडला मिळाला. एका शहराचे मध्ययुग रचण्यासाठी दुसऱ्या शहराचे मध्ययुग खर्ची पडले. बुरुजावर हात ठेवला तर वीट खरोखर जुनी असते. फक्त ती दुसऱ्या कोणाच्या आठवणीतून आलेली असते.

येथून बहुतेक प्रवासी नव्या शहराकडे, मारी क्युरीच्या जन्मघराकडे वळतात. आम्ही पश्चिमेला द्वुगा रस्त्याने निघालो. क्रासिन्स्की चौकात १९८९ साली उभारलेले उठावाचे स्मारक आहे. जुने शहर पडले तेव्हा भूमिगत सेनेचे सैनिक येथीलच एका झाकणाखालून सांडपाण्याच्या बोगद्यात उतरून शहराच्या मध्यभागाकडे निसटले होते. चौकापलीकडच्या उद्यानाच्या कडेला माँते कासिनोच्या लढाईचे स्मारक आहे. त्याच्या परिसरात कोणत्याही मराठी माणसाची पावले थांबावीत अशी एक गोष्ट आहे : कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीची स्मृतिशिला. ती नोव्हेंबर २०१७ मध्ये बसवण्यात आली. सोव्हिएत संघाने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे वळिवड्याला येऊन १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिली. त्यांच्या घरचे पुरुष ज्या सैन्यात होते, ते इटलीत माँते कासिनोला लढले. युद्ध संपले तेव्हा या लोकांची गावे पोलंडमध्ये उरलीच नव्हती. बार्बाकानच्या विटा आणि वळिवड्याची माणसे एकाच नकाशाबदलाची अपत्ये आहेत. विटांना निदान नवी भिंत लगेच मिळाली.

उद्यान आणि रस्ता ओलांडला की मुरानुफ लागते. जुन्या शहरापासून चालत दहा-पंधरा मिनिटे. येथे पाहण्यासारखे काही नाही, असे वाटते. चारपाच मजली साध्या इमारती, झाडे, मुलांची खेळण्याची मैदाने. फक्त एक गोष्ट खटकते : काही इमारती रस्त्यापेक्षा उंच ओट्यांवर आहेत आणि अंगणात जायला पायऱ्या चढाव्या लागतात. त्या ओट्यांखाली ढिगारा आहे. युद्धापूर्वी वॉर्सात साडेतीन लाखांहून अधिक ज्यू राहत होते, शहराच्या लोकसंख्येच्या जवळजवळ एकतृतीयांश. त्यांची सर्वांत दाट वस्ती या भागात होती. १९४० मध्ये जर्मनांनी येथे भिंत घालून घेटो केले. त्यात एका वेळी चार लाखांहून अधिक माणसे कोंडली होती. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतील अडीच लाखांहून अधिक माणसांना ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी शस्त्र उचलले. १६ मे रोजी त्वोमात्स्क्ये रस्त्यावरील मोठे सिनेगॉग उडवून जर्मनांनी मोहीम संपल्याचे जाहीर केले आणि मग घेटोतील इमारती जमीनदोस्त केल्या.

या भागाची पुनर्रचना झाली नाही. वास्तुकार बोहदान लाखेर्त यांनी युद्धानंतर येथे नवी वसाहत आखली. ढिगारा उपसून न्यायचा नाही, त्याच्यावरच बांधायचे आणि ढिगाऱ्याच्या चुऱ्यातून केलेल्या ठोकळ्यांनी बांधायचे, असे त्यांनी ठरवले. भिंतींना गिलावा करायचा नाही, म्हणजे लालकरडा चुरा उघडा दिसेल आणि आपण कशावर राहतो हे रहिवाशांना कळेल, असा त्यांचा मूळ विचार होता. घरे फार उदास दिसतात अशी तक्रार झाली. गिलावा चढला, रंग चढला. आमच्या मते संपूर्ण वॉर्सात सर्वांत प्रामाणिक तळटीप हीच होती, आणि तीच पुसली गेली.

आता संपादनाचा नियम पुन्हा आठवून पाहावा. एकोणिसावे शतक क्षेपक. ज्यू वॉर्सा जवळजवळ सगळे एकोणिसाव्या शतकातले : भाड्याची उंच घरे, अंगणामागे अंगणे, दुकाने, छापखाने. जुन्या शहरात तर ज्यूंना शतकानुशतके राहण्याची मुभाच नव्हती. त्यामुळे 'ऐतिहासिक' या शब्दाची जी व्याख्या १९४५ साली केली गेली, तिच्यात ते बसणे शक्य नव्हते. झाख्वातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नियम द्वेषाने केला, असे आम्ही म्हणणार नाही. तसा पुरावा नाही आणि त्यांच्या कष्टांवर तो अन्याय होईल. शिवाय घरे बांधायची तर राहायला येणारे कोण, हाही प्रश्न होताच. परंतु कलेतिहासाचा निरुपद्रवी दिसणारा एक नियम एवढी माणसे संहितेबाहेर ठेवू शकतो, हे आपण साहित्येतिहास लिहिणाऱ्यांनी तरी नोंदवून ठेवायला हवे. कालखंड पाडताना आपणही असे नियम करतच असतो.

युनेस्कोपुढे हा प्रश्न आला तेव्हा तेथेही चलबिचल झाली. पुनर्रचित वस्तूला अस्सल कसे म्हणायचे? शेवटी वॉर्साचा समावेश झाला तो जुन्या भिंतींसाठी नव्हे, पुनर्रचनेच्या कृतीसाठी. विसाव्या शतकाच्या मध्यावर एका समाजाने केलेले काम म्हणून. हा निर्णय आम्हांला योग्य वाटतो. मात्र जागतिक वारसा यादीच्या आजच्या नियमांत असे म्हटले आहे, की पुनर्रचना अपवादानेच आणि संपूर्ण दस्तऐवजांच्या आधारे मान्य होईल, तर्काला तीत जागा नाही. या कसोटीवर कॅथीड्रलचा दर्शनी भाग उतरणार नाही, हे उघड आहे. कागद मात्र नावाजले गेले : पुनर्रचना कार्यालयाचा संपूर्ण दफ्तरखाना २०११ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत दाखल झाला.

त्या नोंदवहीत वॉर्साचा आणखी एक दफ्तरखाना त्याआधीच, १९९९ मध्ये दाखल झालेला आहे. घेटोत इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम यांनी 'ओनेग शब्बात' नावाचा एक गुप्त गट जमवला होता. शनिवारी भेटणारी ही माणसे घेटोतील जीवनाची टिपणे करीत : धान्याचे भाव, मुलांचे निबंध, कविता, विनोद, भिंतीवरच्या जाहिराती, हद्दपारीच्या नोटिसा. १९४२ च्या ऑगस्टात आणि १९४३ च्या फेब्रुवारीत हे कागद एका शाळेखाली पुरण्यात आले, पहिला भाग पत्र्याच्या दहा पेट्यांत आणि दुसरा दुधाच्या दोन बरण्यांत. रिंगेलब्लुम यांना मार्च १९४४ मध्ये कुटुंबासह ठार मारण्यात आले. गटातील सुमारे साठ जणांपैकी तिघे वाचले. त्यांत लेखिका राखेल आउएरबाख होत्या. हेर्श वासर या दुसऱ्याने दाखवलेल्या जागेवरून १९४६ मध्ये पेट्या निघाल्या. बरण्या डिसेंबर १९५० मध्ये, पायाभरणीसाठी खोदताना सापडल्या. सुमारे पस्तीस हजार पृष्ठांचा हा संग्रह आज त्वोमात्स्क्ये रस्त्यावरच्या ज्यू इतिहास संस्थेत आहे आणि दुधाची एक बरणीही तेथे पाहायला मिळते. गंजलेली, साधी, कोणाच्याही घरात असेल अशी.

एकाच शहरातून, दोन वर्षांच्या अंतराने, दोन कागदसंग्रह लपवले गेले. एकावरून घरे उभी राहिली. दुसऱ्यावरून घरे बांधता येत नाहीत. त्यात मोजमापे नाहीत, माणसे आहेत.

त्या संग्रहाचा तिसरा भागही होता. तो क्रासिन्स्की उद्यानाजवळ, श्व्येंतोयेर्स्का रस्त्यावरील एका घराच्या जागी पुरला होता असे मानतात. २००३ मध्ये तेथे शोध घेण्यात आला. तो भाग अद्याप मिळालेला नाही.